पुराव्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर?

पवनेपलीकडे दापोडीचे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, अलीकडे सांगवी-औंधचा लष्करी तळ; या दोहोंच्या मध्ये वसलेल्या पिंपळे गुरवमध्ये माजी सैनिकांची घरे असावीत, हे स्वाभाविकच आहे. यातील कोणी भोसरी-चाकणच्या कारखान्यांच्या फाटकांवर सुरक्षारक्षक म्हणून पुन्हा उभा राहतो. गोळीने गेलेला पाय समाजाला दिसतो. त्यासाठी पुण्यात १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे. परंतु रक्तदाब, मधुमेह, झिजलेला मणका किंवा फेफरे दिसत नाही. खरा तंटा सुरू होतो तो येथेच.

अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी विकार सेवेमुळे उद्भवलेला वा बळावलेला असावा लागतो आणि अपंगत्व सामान्यतः किमान २० टक्के भरावे लागते. निवृत्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळ टक्केवारी मान्य करते. पण ‘सेवेशी संबंध नाही’ असा एका ओळीचा शेरा मारते आणि दावा फेटाळला जातो. वस्तुतः हाच जवान भरतीच्या दिवशी लष्कराच्याच डॉक्टरांनी निरोगी ठरविलेला असतो.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात नेमके यावरच बोट ठेवले. भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल, तर तो सेवेमुळे जडला असे गृहीत धरावे; तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे; मंडळाने कारणे दिली पाहिजेत, असा तो निर्णय होता. मात्र १९९४ मध्ये सेवेतून बाहेर पडलेल्या त्या शिपायाला हा न्याय मिळण्यास १९ वर्षे लागली.

दाव्यांचा दुरुपयोग होतो, हा आक्षेप अगदीच निराधार म्हणता येणार नाही. तथापि त्यावरचा उपाय सकारण तपासणी हा आहे, छापील नकार नव्हे. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले आहेत. नियम बदलले तरी कारणे देण्याचे कर्तव्य संपत नाही.

नकाराचे पत्र आल्यावर सहा महिन्यांत पहिले अपील, मग दुसरे, आणि त्यानंतर २००७ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबईतील पीठ, असा हा मार्ग आहे. वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची प्रत हाच त्यातील मुख्य आधार. उशीर करणाऱ्याचा हक्क बुडत नाही, परंतु २००८ च्या तरसेम सिंग निर्णयानुसार थकबाकी सामान्यतः मागील तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे जवानाच्या विलंबाला दंड आहे. सरकारी विलंबाची झळही जवानालाच!

निकाली निघालेल्या मुद्द्यांवर सरकारने पुन्हा पुन्हा न्यायालयात जाणे थांबवावे आणि वैद्यकीय मंडळांनी नकाराची कारणे सविस्तर लिहावीत. ज्याने पाठीवरचे ओझे वाहत देशाची सीमा राखली, त्याच्या झिजलेल्या मणक्यावर पुराव्याचे ओझेही लादणे शासनाला शोभत नाही.