मुद्दल वसूल झालं की उठतो

पोकरच्या टेबलावर रात्र चढली की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘मुद्दल वसूल झालं की उठतो.’ म्हणणारा अर्थातच हरत असतो. वाक्य ऐकायला समंजस वाटतं. त्यात हाव नाही, गेलेलं तेवढं परत हवं आहे. पण कधी उठायचं हे ठरवण्याचे जेवढे निकष सुचू शकतात, त्यांत हा बहुधा सगळ्यांत वाईट. का, ते समजून घ्यायला थोडी आकडेमोड करावी लागेल.

टेक्सास होल्डम हा पोकरचा सर्वपरिचित प्रकार घेऊ. एक कसलेला खेळाडू धरा, दर १०० डावांमागे सरासरी ५ मोठे ब्लाइंड कमावणारा. (मोठा ब्लाइंड म्हणजे पानं पाहण्याआधीच एकाला लावावी लागणारी सक्तीची रक्कम, पोकरवाले सगळा हिशेब याच मापात करतात.) ही कमाई चांगली मानली जाते. पण त्याच १०० डावांत निकाल सरासरीच्या खालीवर किती हेलकावे खातो, त्याचं माप, म्हणजे प्रमाण विचलन, ९० ब्लाइंडच्या आसपास असतं. डीलर हाताने पानं वाटत असेल तर तासाला तीसेक डाव होतात, आठ तासांत २४०. म्हणजे एका रात्री या खेळाडूने सरासरी १२ ब्लाइंड जिंकायचे, आणि नशिबाचा हेलकावा मात्र सुमारे १३९ ब्लाइंडचा! हिशेब केला तर १०० पैकी ४७ रात्री तो हरून घरी जातो. लक्षात घ्या, हा चांगला खेळणारा आहे. दहा हजार डावांनंतरही तो तोट्यात असण्याची शक्यता २९ टक्के उरते. ती ४ टक्क्यांवर यायला लाखभर डाव लागतात, आणि आठवड्यातून एक रात्र बसणाऱ्याला तेवढ्या डावांसाठी आठ वर्षं लागतील.

मग आज २०० ब्लाइंड गेले, यातून काय कळतं? समजा, दोनच शक्यता आहेत. एक तर तो नेहमीसारखा नीट खेळतोय, किंवा डोकं फिरल्यामुळे इतका वाईट खेळतोय की दर १०० डावांमागे २० ब्लाइंड घालवतोय. २४० डावांत २०० ब्लाइंडचा तोटा या दुसऱ्या शक्यतेकडे बोट दाखवतो खरा, पण किती? पहिलीच्या जेमतेम पावणेदोन पट. चिप्सचा ढीग हा फार कच्चा साक्षीदार आहे. त्याच्या एकट्याच्या जबानीवर कुणाला दोषी ठरवता येणार नाही.

गणित याहून पुढे जातं. अमेरिकी गणितज्ञ जोसेफ डूब यांचा ‘स्टोकॅस्टिक प्रोसेसेस’ हा ग्रंथ १९५३ साली आला. थांबण्याच्या नियमांविषयीचं त्यांचं प्रमेय आज संभाव्यताशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावं लागतं. त्याचा मथितार्थ असा: खेळ दोन्ही बाजूंना सारखा असेल आणि तुमच्याकडे अमर्याद पैसा व अमर्याद वेळ नसेल, तर थांबण्याचा कोणताही नियम तुमची सरासरी कमाई वाढवू शकत नाही. ‘वीस हजार गेले की उठायचं’ या नियमानेही नाही आणि ‘मुद्दल आलं की उठायचं’ यानेही नाही. पत्त्यांना आजची रात्र आणि उद्याची रात्र यांतला फरक कळत नाही. आज अकरा वाजता हरून उठलेला माणूस उद्या सातला पुन्हा बसला, तर गणिताच्या लेखी तो उठलाच नव्हता. मध्ये जरा मोठी सुट्टी झाली, एवढंच.

तरीही जाणते खेळाडू तोट्याची मर्यादा ठरवतात आणि पाळतात. कारण वरच्या सगळ्या हिशेबात एक गृहीतक लपलेलं आहे: खेळणारा पहिल्या तासाला जसा होता तसाच सातव्या तासालाही आहे.

डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये प्रॉस्पेक्ट थिअरी मांडली. तोट्याच्या बाजूला उभा असलेला माणूस जोखमीकडे झुकतो, हे तिचं एक मुख्य सूत्र. झालेला तोटा ज्याने मनाने स्वीकारलेला नाही, तो एरवी नाकारली असती अशी पैजही घेतो. शर्यतीच्या मैदानावरचा जुना अनुभवही हेच सांगतो. दिवस सरत जातो तसे लोक जिंकण्याची शक्यता कमी, पण मोबदला भरघोस अशा घोड्यांवर अधिकाधिक पैसे लावू लागतात. रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन यांनी १९९० मध्ये त्यात एक बारकावा जोडला, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. नुसतं हरल्याने माणूस बेफाम होत नाही; उलट पुष्कळदा हात आखडतो. तो बेफाम होतो ते समोरच्या पैजेत बरोबरी साधण्याची संधी दिसते तेव्हा.

पोकरमध्ये ही संधी दर डावाला समोर असते. १५० ब्लाइंड मागे असलेल्याला छोट्या पॉटमध्ये, म्हणजे डावात जमलेल्या रकमेत, रस उरत नाही. एका फटक्यात सगळं परत आणणारा पॉट त्याला हवा असतो. चार बदाम जमलेत, पाचवा हवाय. पुढच्या पानाला तो येण्याची शक्यता १९ टक्के, उरलेली दोन्ही पानं धरून ३५. हे आकडे त्याला झोपेतही पाठ असतात. बदलते ती त्यासाठी मोजायची किंमत. कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजचे गॅरी स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मोठ्या रकमांच्या ऑनलाइन टेबलांवरचे डाव तपासले. हजार डॉलरच्या वरचा फटका बसल्यावर मुरलेले खेळाडूसुद्धा तेवढ्याच मोठ्या विजयानंतरच्या मानाने सैल, म्हणजे जास्त हात खेळत होते.

इथे महाभारतातल्या द्यूताची, धर्मराजाची आठवण होणं अपरिहार्य. पण त्याला नुसतं व्यसनी म्हणून सोडून देण्यात अर्थ नाही. आव्हान आल्यावर माघार घ्यायची नाही, असा त्याचा नेम होता. म्हणजे खेळाआधी नियम त्यानेही ठरवला होता, फक्त तो न उठण्याचा होता.

चिप्स कच्चा साक्षीदार, तर पक्का कोण? माझ्या मते, टाकलेली पानं. नऊ जणांच्या टेबलावर शिस्तीचा खेळाडू साधारण पाचातला एखादाच हात खेळतो, बाकीचे फोल्ड करतो, म्हणजे टाकून देतो. गेल्या तासात आपण निम्मे हात खेळलो असू, तर पुढे असलो तरी उठावं. आणि शिस्त शाबूत असेल, समोरचे कच्चे असतील, तर २०० ब्लाइंड मागे असूनही बसायला हरकत नाही. अडचण एवढीच की हा हिशेब त्याच डोक्याने करायचा, जे बिघडलंय अशी शंका आहे. जागरण तर या शंकेत भरच घालतं. सिंगापूरमध्ये विनोद वेंकटरामन, मायकेल ची आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये रात्रभर जागवलेल्या लोकांना जोखमीचे निर्णय घ्यायला लावले. त्यांच्या मेंदूत लाभाच्या अपेक्षेचा प्रतिसाद वाढलेला आणि तोट्याचा बोथटलेला दिसला.

गोव्यात मांडवी नदीत नांगरलेल्या कॅसिनो जहाजांवर पोकर रात्र रात्र चालतो. (ऑनलाइन पैशांच्या खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आणली, तेव्हा आपल्याकडे आता मुख्यतः समोरासमोरचाच डाव.) तिथे दर पॉटमधून कॅसिनोचा वाटा, म्हणजे रेक, कापला जातो. त्यामुळे टेबलावर बसलेल्या बहुतेकांची सरासरी मुळातच उणे असते. अशांच्या बाबतीत आपला कसलेला खेळाडू विसरा. त्यांना प्रत्येक जादा डाव महागच पडतो.

अमेरिकी खेळाडू ॲनी ड्यूक संज्ञानात्मक मानसशास्त्र शिकत असताना ते सोडून पोकरकडे वळल्या. सुरुवातीच्या काळात त्यांनी स्वतःला ६०० डॉलरच्या तोट्याची मर्यादा घातली होती. हा आकडा पत्त्यांच्या गणितातून आलेला नव्हता. आपण उठावं की नाही हे हरताना आपल्याला नीट कळणार नाही, एवढं त्यांनी ओळखलं होतं. म्हणून निर्णय आधीच घेऊन टाकला आणि तो सोबतच्या खेळाडूंना सांगूनही ठेवला. हरण्याबद्दल त्यांना कुणी काही विचारणार नव्हतं. मर्यादा ओलांडून बसलं तर मात्र जाब द्यावा लागणार होता.