दोन मापांचे इंग्रजी

अमेरिकेत प्रौढ स्थलांतरिताचे इंग्रजी मोजण्याची केंद्र सरकारची दोन मापे आहेत, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. एक प्रौढ शिक्षणाच्या वर्गात वापरले जाते, दुसरे नागरिकत्वाच्या मुलाखतीत.

वर्गातले माप बारीक आहे. १९९८च्या कायद्यानंतर उभ्या राहिलेल्या ‘नॅशनल रिपोर्टिंग सिस्टीम’मध्ये इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी सहा पातळ्या आहेत. केंद्राचे अनुदान घेणाऱ्या वर्गांना प्रवेशाच्या वेळी आणि पुढे काही तास शिकवून झाल्यावर मान्यताप्राप्त चाचणी घ्यावी लागते. ‘बेस्ट प्लस’ ही त्यांतली एक. ती समोरासमोर बसून तोंडी घेतात. तिची मूळ चाचणी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आग्नेय आशियातून आलेल्या निर्वासितांसाठी तयार झाली. व्याकरणाच्या नियमांपेक्षा खरेदी, दवाखाना, घर, नोकरी हे रोजचे व्यवहार जमतात का, हे तिला पाहायचे होते.

मुलांकडे राहायला गेलेल्या मराठी आईवडिलांच्या बाबतीत हा प्रश्न फार जवळचा आहे. निवृत्त शिक्षक इंग्रजी वर्तमानपत्र सहज वाचतो, पण फार्मसीतून फोन आला की समोरचा काय बोलतोय ते त्याला कळत नाही. त्याला एकाच शब्दात ‘इंग्रजी येते’ किंवा ‘येत नाही’ कसे म्हणणार? वाचन, लेखन, ऐकणे आणि बोलणे वेगवेगळे तपासले, तरच त्याची खरी अडचण दिसते.

नागरिकत्वाची परीक्षा इतक्या खोलात जात नाही. १९०६च्या कायद्याने इंग्रजी बोलता येण्याची अट घातली. वाचता-लिहिता येण्याची अट १९५०मध्ये आली. मधल्या काळात, १९१७च्या कायद्याने, देशात शिरतानाच साक्षरता तपासली जाऊ लागली. कोणत्याही भाषेतले तीस-चाळीस शब्द वाचले तरी चालत. पण त्याच कायद्याने हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना जवळजवळ दार बंद केले. भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला तो १९४६मध्ये.

आज मुलाखतीत तीनपैकी एक वाक्य नीट वाचायचे आणि तीनपैकी एक लिहायचे असते. बोलणे अधिकारी अर्जावरच्या प्रश्नोत्तरांतूनच जोखतो. वयाची पन्नाशी उलटलेल्या आणि ग्रीन कार्डावर वीस वर्षे राहिलेल्यांना इंग्रजीतून सूट आहे. पंचावन्न वर्षे वय आणि पंधरा वर्षे वास्तव्य असेल तरीही. नागरिकशास्त्राची परीक्षा ते दुभाष्यामार्फत मराठीतून देऊ शकतात. ही सूट माणुसकीची आहे, ती टिकलीच पाहिजे.

कॅनडाने दोन मापांचा मेळ घातला आहे. तिथल्या ‘कॅनेडियन लँग्वेज बेंचमार्क्स’च्या बारा पातळ्या आहेत, आणि नागरिकत्वासाठी १८ ते ५४ वयाच्या अर्जदाराला ऐकण्या-बोलण्यात चौथी पातळी गाठावी लागते. शिकणाऱ्याला आपण कुठवर आलो आणि अजून किती उरले, हे आधीच कळते. अमेरिकेतल्या विद्यार्थ्याला वर्गातल्या पातळीवरून मुलाखतीचा असा अंदाज बांधता येत नाही. कॅनडाची पद्धत अधिक सरळ आहे.

अमेरिकेतल्या मराठी मुलांनी आईवडिलांच्या हाती फक्त नागरिकत्वाच्या परीक्षेची शब्दयादी देऊ नये. जवळच्या ग्रंथालयात किंवा कम्युनिटी कॉलेजात प्रौढांच्या इंग्रजी वर्गाची चौकशी करावी, आणि पहिल्या दिवशी त्यांच्यासोबत जावे.