शिंपल्याचे विष

आपल्या खानदेशात विषबाधा म्हटली की पहिले नाव येते ते कपाशीवरील फवारणीच्या औषधाचे. आमच्या घरीही फवारणीचा पंप आहे. त्यामुळे त्या विषाची लक्षणे मला तोंडपाठ आहेत. तोंडाला लाळ, अंगाला दरदरून घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. डॉक्टर अ‍ॅट्रोपिन टोचतात. समुद्रकाठी मात्र असे एक विष आहे की त्यानेही श्वास बंद पडतो, पण तेथे अ‍ॅट्रोपिन कामाचे नाही आणि दुसरा उताराही अजून सापडलेला नाही.

वास्तविक शिंपला बिचारा निर्दोष. समुद्रातील काही सूक्ष्म जीव सॅक्सिटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. शिंपला पाणी गाळून ते जीव खातो आणि विष त्याच्या अंगात साठते. चव बदलत नाही, वास येत नाही, कालवण कितीही उकळले तरी विष जात नाही. १९८१ साली तमिळनाडूत असे शिंपले खाऊन ८५ जण रुग्णालयात गेले, तिघे दगावले. १९८३ साली मंगळूरजवळ एक मुलगा गेला. १९९७ साली केरळातील विळिंजम येथे सात जण मृत्युमुखी पडले.

मज्जातंतूंतून निरोप जातो तो सोडियमच्या कणांमुळे. हे कण ज्या सूक्ष्म दारांतून आत शिरतात, त्या दारांना हे विष बुचासारखे बसते. मग स्नायूंना हुकूमच पोचत नाही. बहुधा अर्ध्या तासात ओठांना व जिभेला मुंग्या येतात, मग बोटांना. चाल लटपटते. बघणाऱ्यास वाटावे, गडी पिऊन आला आहे! शेवटी छातीचे स्नायू थांबतात.

रुग्णाच्या लघवीत किंवा उरलेल्या शिंपल्यांत विष शोधता येते, परंतु तो अहवाल येईपर्यंत थांबायला वेळ नसतो. म्हणून निदान होते ते प्रश्नांनी. काय खाल्ले? केव्हा? सोबत आणखी कोण जेवले? एकाच पंगतीतल्या चौघांचे ओठ बधिर झाले असतील, तर डॉक्टरांना यंत्राची वाट पाहावी लागत नाही. फवारणीच्या विषातली लाळ आणि घाम येथे ठळक नसतात, ही आणखी एक खूण.

उपचार म्हणाल तर उसना श्वास! श्वासनलिकेत नळी घालून यंत्राने हवा द्यायची. यंत्र नसेल तर हाताने पिशवी दाबत बसायचे. विष लघवीवाटे निघून जाते. पहिला दिवस निभावला की रुग्ण बहुधा पूर्ण बरा होतो. मला सर्वांत विलक्षण वाटली ती गोष्ट अशी, की हातपाय लुळे पडले तरी रुग्ण बहुतेक वेळा शुद्धीवर असतो. तेव्हा उशाशी उभे राहून “आता काही खरं नाही” म्हणणाऱ्या नातेवाइकांना आधी बाहेर काढावे. त्याला सारे ऐकू येत असते.