बाळंतपणानंतर मातेचे वजन : प्रश्न एकटीचा नव्हे, घराच्या दिनक्रमाचा

घरात पाळणा हलला की कुटुंबाचे सारे लक्ष बाळाकडे वळते. ते स्वाभाविकच आहे. परंतु त्याच वेळी आणखी एक गोष्ट नकळत घडते. गरोदरपणात प्रत्येक तपासणीला स्त्रीचे वजन घेतले जाते, रक्तदाब पाहिला जातो, रक्त तपासले जाते. प्रसूतीनंतर मात्र वजनाचा काटा केवळ बाळासाठी उरतो. अंगणवाडीत बाळाचे वजन नियमाने नोंदले जाते. त्याला कडेवर घेऊन आलेल्या आईचे वजन किती, ही विचारपूस सहसा होत नाही. पुढे दोन-तीन बाळंतपणांनंतर तिला मधुमेह किंवा उच्च रक्तदाब जडला, म्हणजे त्याचे मूळ वयात शोधले जाते. वास्तविक पुष्कळदा ते मूळ बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २३ टक्के स्त्रिया प्रमाणाबाहेर वजनाच्या, तर सुमारे २१ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश आढळल्या. निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय होता. म्हणजेच एकाच राज्यात, अनेकदा एकाच गावात, वजन उतरवण्याची गरज असलेली माता आहे आणि वजन भरून काढण्याची गरज असलेली माताही आहे. दोघींना एकच सल्ला लागू पडत नाही. म्हणूनच उपदेशापूर्वी मोजमाप आवश्यक ठरते.

वजन कसे वाढते, कसे उतरते

गरोदरपणात वाढणारे वजन म्हणजे सारी चरबी नव्हे. बाळ, वार, गर्भजल, वाढलेले गर्भाशय, वाढलेले रक्त आणि अंगात साठलेले पाणी यांचा त्यात मोठा वाटा असतो. प्रसूतीच्या वेळी सुमारे पाच-सहा किलो वजन एकदमच कमी होते. प्रसूतीनंतर लगेच जवळजवळ एक किलो भरणारे गर्भाशय सहा आठवड्यांत आकसून १०० ग्रॅमच्या आत येते. अंगातील जादा पाणीही पहिल्या काही आठवड्यांत निघून जाते. उरते ती चरबी. निसर्गाने ती दूध तयार करण्यासाठी राखून ठेवलेली असते आणि ती सावकाशच उतरते.

पूर्ववत वजनावर येण्यास सहा महिने ते एक वर्ष लागणे, यात काही वावगे नाही. साठलेले वजन असलेल्या मातेचे वजन महिन्याला एक ते दोन किलो या गतीने उतरणे पुरेसे आणि सुरक्षित असते. पोट सुटलेले दिसते, त्याचे कारण दरवेळी चरबीच असते असे नाही. गर्भाच्या वाढीमुळे पोटाचे मधले स्नायू परस्परांपासून दूर झालेले असतात व त्यांना पूर्वस्थितीवर येण्यास काही महिने लागतात. पोट घट्ट बांधल्याने पाठीला काहीसा आधार मिळतो, परंतु चरबी झडत नाही.

उंचीच्या मानाने वजन किती असावे, याचा हिशेब सोपा आहे. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. भारतीयांसाठी हा आकडा १८.५ ते २३ च्या दरम्यान असणे इष्ट मानतात. १५२ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे पाच फूट, उंचीच्या स्त्रीसाठी याचा अर्थ साधारण ४३ ते ५३ किलो. त्याखालील मातेला अधिक अन्न हवे. त्यावरील मातेला नियमित आहार आणि हालचाल हवी. कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या पुढे असणे, ही स्त्रियांसाठी धोक्याची सूचना समजली जाते.

बाळंतिणीचे ताट

बाळंतिणीला जपण्याची महाराष्ट्राची परंपरा जुनी आणि मायेची आहे. अळिवाची खीर, मेथीचे व डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी, बाळंतशोपा या पदार्थांमागे अनुभव आहे. अळिवात लोह आहे. बाजरीत लोह आणि तंतुमय घटक आहेत. ज्या काळी स्त्री बाळंतपणाआधी व नंतर शेतात राबत असे, त्या काळी तूप-खोबऱ्याचे लाडू तिची झीज भरून काढीत. आज जिच्या घरी नळ आहे, गॅस आहे, मिक्सर आहे आणि जिला सवा महिना खोलीबाहेर पडू दिले जात नाही, तिच्या अंगी तेच लाडू चरबी होऊन बसतात.

येथे थोडे गणित उपयोगी पडेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार स्तनपान देणाऱ्या मातेला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० आणि पुढील सहा महिने सुमारे ५२० उष्मांक अधिक लागतात. नेहमीच्या जेवणाखेरीज एक भाकरी, एक वाटी उसळ, एक पेला दूध आणि एक केळे घेतले की ही वाढीव गरज जवळजवळ भागते; शिवाय प्रथिने व कॅल्शियमही मिळते. याउलट ५० ग्रॅम वजनाच्या डिंकाच्या एका लाडवात दोनशेहून अधिक उष्मांक असतात. नेहमीच्या जेवणावर असे चार लाडू आणि वर तुपातला शिरा झाला, तर हिशेब केव्हाच ओलांडला जातो. लाडू वर्ज्य करण्याचे कारण नाही. दिवसाकाठी एक लहान लाडू घ्यावा. तो जेवणाला पूरक असावा, जेवणाची जागा घेणारा नसावा.

उलट टोकाचा उपाय तितकाच घातक आहे. वजन उतरवण्यासाठी उपास करणे, रात्रीचे जेवण सोडणे, जाहिरातीतील चूर्णे व गोळ्या घेणे या गोष्टी अंगावर पाजणाऱ्या मातेने करू नयेत. त्यामुळे थकवा येतो आणि रक्तक्षय बळावतो. काही घरांत बाळंतिणीला भाज्या, फळे, डाळी इतकेच काय पाणीही मोजून देतात. त्याला शास्त्रीय आधार नाही. तहान लागेल तेवढे पाणी प्यावे. पालेभाजी, डाळ, उसळ, दही, ऋतूतील फळ आणि खाण्यात असल्यास अंडी-मासे रोजच्या ताटात असावेत. प्रसूतीनंतर १८० दिवस लोह व फॉलिक आम्लाची गोळी आणि सहा महिने कॅल्शियमच्या गोळ्या घ्यावयाच्या असतात. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. तिचा गुण कमी होतो.

स्तनपान हा या काळातील मातेचा मोठा सहायक आहे. दूध तयार होताना शरीराचे रोज सुमारे ५०० उष्मांक खर्च होतात. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध देणे बाळाच्या हिताचे आहेच. मातेचे वजन सावकाश उतरण्यासही त्याची मदत होते. मात्र त्याच्या जोडीला ताटाचा हिशेब हवाच.

हालचाल आणि विश्रांती

बाळंतीण म्हणजे रुग्ण नव्हे. साधी प्रसूती झालेल्या स्त्रीने जमेल तसे लवकर उठून घरात चालावे. सिझेरियन झालेल्या स्त्रीलाही डॉक्टर साधारणतः पहिल्या चोवीस तासांतच उभे करतात, कारण पडून राहिल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. सुरुवातीस दहा मिनिटांची फेरी पुरेशी असते. हळूहळू ती अर्ध्या तासावर न्यावी. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालले की जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली १५० मिनिटे पूर्ण होतात. लघवी रोखताना जे स्नायू आवळले जातात, ते बसल्याबसल्या आवळून सैल सोडण्याचा व्यायाम दिवसातून काही वेळा करावा. खोकताना-शिंकताना लघवी सुटण्याची तक्रार त्याने कमी होते. पोटाचे व्यायाम आणि जड उचलणे सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर, विशेषतः सिझेरियन झाले असल्यास डॉक्टरांच्या अनुमतीनेच, सुरू करावे.

झोप हाही वजनाच्या हिशेबातील एक आकडा आहे. अपुऱ्या झोपेने भूक वाढते आणि गोडाकडे ओढा वाढतो. बाळ झोपले की आईने कामाला लागायचे, हा अनेक घरांतील शिरस्ता बदलण्याजोगा आहे. ज्या घरात पती किंवा सासूबाई दिवसातून तासभर बाळाला सांभाळतात, त्या घरातील मातेला चालण्यास अर्धा तास आणि विसाव्यास अर्धा तास मिळतो. कोणत्याही औषधापेक्षा हा तास मोलाचा आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारी उदासीनता, सतत रडू येणे, बाळाविषयी वा जगण्याविषयी विरक्ती वाटणे हा आजार आहे. तो स्वभावदोष नव्हे. त्यासाठी वैद्यकीय साहाय्य घ्यावे. १४४१६ या टेलिमानस दूरध्वनीवर विनामूल्य सल्ला मिळतो.

ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा शेतमजुरीला जाणाऱ्या मातेची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिला हालचालीचा उपदेश करणे म्हणजे तिची थट्टाच होय. तिला हवे असते पोटभर अन्न, पुरेशी विश्रांती आणि बाळाला पाजण्यास कामातून सवड. राज्यातील आदिवासी भागांत २०१५ मध्ये सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत गरोदर स्त्रिया व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण दिले जाऊ लागले, त्यामागचा विचार हाच आहे.

सहा आठवड्यांची निसटणारी तपासणी

ज्या स्त्रीला गरोदरपणात मधुमेह झाला होता, तिची रक्तशर्करा प्रसूतीनंतर बहुधा पूर्वपदावर येते. त्यामुळे आजार बरा झाला असे घरचे समजतात. परंतु पुढील आयुष्यात कायमचा मधुमेह होण्याचा धोका अशा स्त्रीला इतरांपेक्षा कित्येक पटींनी अधिक असतो. म्हणून प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी तिचे रक्त तपासावे आणि पुढेही ठरावीक काळाने तपासत राहावे. वजन आटोक्यात ठेवले, तर हा आजार टळू शकतो किंवा बराच लांबणीवर पडतो.

नेमकी हीच तपासणी निसटते. पहिले बाळंतपण माहेरी होते. सवा महिना उलटला की सासरी परतण्याची तयारी सुरू होते. माहेरच्या आशाताई ४२ व्या दिवशीची शेवटची भेट देतात, सासरच्या आशाताईंना ती आली हे ठाऊक नसते. माता व बाल संरक्षण कार्ड ट्रंकेच्या तळाशी जाते. दोन गावांच्या मध्ये ही माता हरवते.

गावाला काय करता येईल

यासाठी नवी योजना किंवा मोठा खर्च लागत नाही. बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात लस द्यावी लागते, नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस असते. या चारही वेळी आई सोबत असतेच. त्याच दिवशी तिचे वजन व रक्तदाब घेऊन तिच्या कार्डावर नोंदवावा. चार नोंदी शेजारी-शेजारी आल्या की वजन उतरते आहे, अडले आहे की घसरते आहे, हे डॉक्टरांप्रमाणेच शिक्षकाला व पंचायत सदस्यालाही वाचता येईल. मोठ्या माणसांच्या वजनाचा काटा नसेल, तेथे तो ग्रामपंचायतीने पुरवावा. माहेरी आलेल्या व सासरी परतलेल्या बाळंतिणींची नावे दोन्ही गावांच्या आशाताईंनी एकमेकींना कळवावीत. ग्रामसभेत या विषयाला अर्धा तास द्यावा आणि त्यास पुरुषांनी व सासूबाईंनी आवर्जून बसावे. कारण बाळंतिणीच्या ताटात काय पडते आणि तिला किती झोप मिळते, हे बहुधा त्यांच्याच हाती असते.

बाळाचे वजन वाढले की घरात समाधान पसरते. त्याच काट्यावर त्याची आईही उभी राहिली आणि तिचा आकडाही कोणी वाचला, तर पुढील पंधरा-वीस वर्षांतील कित्येक आजार त्या घराच्या उंबरठ्याबाहेरच राहतील.