पीसीबीच्या आराखड्यासाठी सॉफ्टवेअर निवडताना

इलेक्ट्रॉनिक उपकरणातील सर्किट बोर्डाचा, म्हणजे पीसीबीचा, आराखडा दोन टप्प्यांत तयार होतो. पहिल्या टप्प्यात परिपथाची आकृती काढली जाते आणि तीत कोणता भाग कोणाला जोडायचा एवढेच ठरते. दुसऱ्या टप्प्यात तेच भाग खऱ्या मापांनी बोर्डावर मांडून त्यांना जोडणारे तांब्याचे मार्ग, म्हणजे ट्रॅक, आखले जातात. या दोहोंमधील दुवा म्हणजे नेटलिस्ट, अर्थात कोणती पिन कोणत्या पिनला जोडलेली आहे याची यादी. चित्रकलेच्या साध्या प्रोग्राममध्येही परिपथ देखणा काढता येतो, परंतु त्यातून अशी यादी निघत नसल्यामुळे पुढचे काम तेथेच अडते.

या कामासाठी पैसे न मोजता मिळणारे प्रोग्राम अनेक असले, तरी किंमत हा निवडीचा अपुरा निकष आहे, हे ईगल या प्रोग्रामच्या इतिहासावरून दिसते. जर्मनीतील कॅडसॉफ्ट कंपनीने १९८८ मध्ये आणलेला ईगल हौशी मंडळींत फार लोकप्रिय झाला. २०१६ मध्ये तो ऑटोडेस्ककडे गेला, पुढच्याच वर्षी त्याला वर्गणी लागू झाली, विनामूल्य आवृत्तीत दोन थर आणि ८० चौरस सेंटिमीटर बोर्ड ही मर्यादा राहिली, आणि २०२३ मध्ये कंपनीने जून २०२६ पासून तो बंद करण्याचे जाहीर केले. आराखडा ज्या प्रोग्राममध्ये अडकलेला असतो त्याचे भवितव्य दुसऱ्याच्या हाती असले, की वर्षानुवर्षांच्या कामावर असा प्रसंग ओढवू शकतो.

कायकॅडची बाजू येथे भक्कम ठरते. फ्रान्समधील ज्याँ-पिएर शारा यांनी १९९२ मध्ये सुरू केलेला हा प्रोग्राम जीपीएल परवान्याखाली असल्यामुळे त्याचा मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे देता येतो. २०१३ पासून सर्न या युरोपीय संशोधन संस्थेने त्याच्या विकासाला हातभार लावला. बोर्डाच्या आकाराला किंवा वापराच्या हेतूला त्यात व्यापारी बंधन नाही, आणि त्याच्या फाइली साध्या मजकुराच्या असल्याने त्या इतर साधनांनीही वाचता येतात. ईगलचे जुने आराखडेही तो उघडतो. उणिवाही आहेत: ट्रॅक आपोआप आखण्याची सोय त्यात अंगभूत नाही, आणि नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, म्हणून प्रयोगशाळेतील सर्व संगणकांवर एकच आवृत्ती असणे सोयीचे ठरते.

प्रोग्राम कोणताही असो, त्याच्या तपासणीची कुवत ओळखणे आवश्यक असते. बीसी५४७ आणि २एन३९०४ हे दोन्ही ट्रान्झिस्टर दिसायला सारखे. पण सपाट बाजू समोर व पिन खाली धरल्यास पहिल्याच्या पिन डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर या क्रमाने येतात, तर दुसऱ्याच्या नेमक्या उलट क्रमाने. आकृतीतील चिन्हाला चुकीचा क्रम जोडला गेला, तर प्रोग्रामच्या लेखी सर्व जोडण्या बिनचूक राहतात आणि चूक डाख दिल्यानंतरच कळते. म्हणून तयार संग्रहातील भागही उत्पादकाच्या डेटाशीटशी ताडून पाहावा लागतो.

अन्य पर्यायांत जर्मनीतील पॉट्सडॅम येथे जन्मलेला फ्रिट्झिंग ब्रेडबोर्डवरील जोडणी चित्ररूपाने दाखवत असल्याने नवशिक्यांना सोपा जातो. त्याचा कोड मुक्त असला तरी तयार प्रोग्राम अधिकृत ठिकाणाहून घेताना पैसे द्यावे लागतात. उलट ब्राउझरमध्ये चालणारा ईझीईडीए विनामूल्य आणि चिनी बोर्ड-उत्पादकाशी थेट जोडलेला असल्याने सोयीचा आहे, मात्र त्याचा कोड बंदिस्त आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने कायकॅड आणि परिपथाचे वर्तन गणिताने तपासणारा एनजीस्पाइस यांची सांगड घालून ईसिम हे साधन अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी घडवले आहे.

निवड पक्की करण्यापूर्वी एखादा छोटा परिपथ आकृतीपासून गर्बर फाइलींपर्यंत, म्हणजे कारखान्याला प्रत्येक थराचे चित्र पुरवणाऱ्या फाइलींपर्यंत, नेऊन त्या दुसऱ्याच प्रोग्राममध्ये उघडून पाहाव्यात. एका बोर्डाची हौस भागवायची असेल तर सोपेपणाला झुकते माप देण्यास हरकत नाही. परंतु महाविद्यालयाला किंवा लघुउद्योगाला तोच बोर्ड पाच वर्षांनी दुरुस्त करायचा असतो, आणि तेव्हा परवाना व फाइलीचे स्वरूप यांचेच पारडे जड ठरते.