मायना
पत्राच्या आरंभी, प्रत्यक्ष मजकुरापूर्वी योजावयाची ठराविक पदावली. ज्यास पत्र लिहावयाचे त्याचे वय, नाते, दर्जा व लेखकाशी असलेला त्याचा संबंध तीवरून व्यक्त होतो. व्यापक अर्थाने पत्राच्या अखेरची समाप्तिवाचक वाक्येही मायन्यातच मोडतात. मायना हा पत्राचा केवळ अलंकार नव्हे. कोण कोणास कोणत्या नात्याने लिहीत आहे, हे मजकूर वाचण्यापूर्वीच त्यावरून कळते. त्यामुळे मायना चुकला, तर मजकूर निर्दोष असूनही पत्र अवमानकारक ठरू शकते.

पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे (२०२४ च्या शासननिर्णयानुसार राजगड) या तालुक्यांच्या प्रदेशाचा या विषयाशी निकटचा संबंध आहे. रोहिडखोरे, हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे या जुन्या विभागांतील जेधे, खोपडे, बांदल, शिळीमकर इ. देशमुख घराण्यांच्या कागदपत्रांत सतराव्या शतकातील मराठी पत्रव्यवहाराचे रूप दिसते. रायगडापूर्वी शिवाजी महाराजांची राजधानी असलेला राजगड वेल्हे तालुक्यातच आहे. अष्टप्रधानांपैकी सचिव (सुरनीस) याच्याकडे राजपत्रे तपासून त्यांतील अधिकउणा मजकूर दुरुस्त करण्याचे व त्यांवर आपले चिन्ह करण्याचे काम असे. राज्याभिषेकाच्या वेळी अण्णाजी दत्तो हे सचिव होते. राजारामांच्या कारकीर्दीत शंकराजी नारायण यांस हे पद मिळाले व पुढे ते त्यांच्या घराण्यात वंशपरंपरेने चालले. हेच भोरचे पंतसचिव घराणे होय. हे संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले.

शिवकालीन पत्रांच्या मायन्यात दोन परंपरा आढळतात. आरंभीच्या पत्रांवर फार्सी वळणाची छाप असून ‘अज रख्तखाने’ अशा शब्दांनी त्यांची सुरुवात होते. कालनिर्देश सुहूर सनाचा असून वर्षाचा आकडा अरबी शब्दांत, एककापासून चढत्या क्रमाने लिहितात. उदा., ‘खमस अर्बैन व अलफ’ म्हणजे पाच, चाळीस व हजार, अर्थात सुहूर सन १०४५. त्यात ५९९ किंवा ६०० मिळविले असता इसवी सन (१६४४–४५) मिळतो. ६ जून १६७४ रोजी झालेल्या राज्याभिषेकानंतर ‘स्वस्तिश्री राज्याभिषेक शके’ या शब्दांनी आरंभ होणारा, ‘क्षत्रियकुलावतंस’ हे बिरुद असलेला संस्कृतप्रचुर मायना रूढ झाला. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशात हीच भाषाशुद्धीची दृष्टी दिसते.

मजकुराकडे वळण्याचे शब्दही दर्जानुसार बदलत. वरिष्ठाकडून कनिष्ठास ‘आज्ञा केली ऐसी जे’, कनिष्ठाकडून वरिष्ठास ‘विज्ञापना ऐसी जे’ आणि बरोबरीच्या व्यक्तीस ‘विनंती उपरि’ असे लिहीत. ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे’ या वाक्यानंतर ‘विशेष’ हा शब्द आला, की खरा मजकूर सुरू झाला असे समजावे. पत्राची समाप्ती ‘जाणिजे’, ‘बहुत काय लिहिणे’ इ. शब्दांनी होई. मजकूर संपल्यावर मोर्तबाचा शिक्का उठवीत. त्यामुळे मागाहून मजकूर वाढविण्यास वाव राहत नसे.

कौटुंबिक पत्रांत हीच व्यवस्था संक्षेपाने आढळते. वडिलांस ‘तीर्थरूप’, वडिलांच्या ठिकाणी असलेल्यांस ‘तीर्थस्वरूप’, धाकट्यांस ‘चिरंजीव’, परक्या पण मान्य गृहस्थास ‘राजमान्य राजश्री’ (रा. रा.) आणि विद्वान ब्राह्मणास ‘वेदशास्त्रसंपन्न’ (वे. शा. सं.) असे लिहिण्याची चाल होती. ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ व ‘ता. क.’ म्हणजे ‘ताजा कलम’. पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ लिहीत; मात्र मृत्यूची वार्ता कळविणाऱ्या पत्रावर तो लिहीत नसत व असे पत्र वाचून झाल्यावर फाडून टाकीत. स्त्रियांच्या बाबतीत ‘सौभाग्यवती’ व ‘गंगाभागीरथी’ ही संबोधने पतीच्या हयातीवर अवलंबून असत. २०२३ मध्ये विधवांसाठी ‘गंगाभागीरथी’ हे संबोधन योजण्याचा प्रस्ताव शासनस्तरावर पुढे येताच त्यावर तीव्र टीका झाली. मायना सामाजिक दर्जा केवळ दर्शवीत नाही, तर तो माणसावर लादतोही, हे त्यावरून स्पष्ट होते.

इतर भाषांतही असे संकेत आहेत. जपानी औपचारिक पत्र ‘हाइकेइ’ (सविनय निवेदन) या शब्दाने सुरू झाले, की ते ‘केइगु’ (सादर) या शब्दाने संपविणे आवश्यक मानतात. आरंभी ऋतूचा उल्लेख करतात व पत्त्यातील नावापुढे ‘सामा’ हा आदरवाचक प्रत्यय लावतात. भ्रमणध्वनीवरील संक्षिप्त संदेशांतही हा भेद लोपलेला नाही. ‘समजले’ या अर्थी मित्रास ‘र्‍योकाइ’ चालते. वरिष्ठास किंवा ग्राहकास मात्र ‘काशिकोमारिमाशिता’ असे लिहिणे योग्य समजतात. हसण्याचा निर्देश तरुण मंडळी ‘कुसा’ (गवत) या शब्दाने करतात. ‘वाराऊ’ (हसणे) या क्रियापदाचे रोमन आद्याक्षर ओळीने लिहिल्यास गवताच्या पात्यांसारखे दिसते, हे त्याचे कारण. वरिष्ठास असा शब्द लिहिणे अशिष्ट ठरते. पुण्यात जपानी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास हा भेद शब्दकोशातील अर्थावरून कळत नाही. मायन्याची परंपरा ठाऊक असल्यास तो चटकन उमगतो.

तारेच्या संदेशात शब्दागणिक आकार पडे, म्हणून तेथे मायना गळाला. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. भ्रमणध्वनीच्या संदेशात प्रेषकाचे नाव व वेळ आपोआप उमटत असल्याने स्थळ, दिनांक व सही यांची गरज उरली नाही. तथापि ‘तू’, ‘तुम्ही’ व ‘आपण’ यांतील निवड लेखकास अजूनही करावीच लागते. मराठी मायन्याचे मूळ कार्य आता प्रामुख्याने या सर्वनामांकडे आले आहे.

ऐतिहासिक संशोधनात मायन्यास साधनमूल्य आहे. वतनाच्या तंट्यांत जुनी पत्रे पुरावा म्हणून पुढे येत व त्यांत बनावट पत्रेही असत. १६७४ पूर्वीची मिती असलेल्या पत्रात राज्याभिषेकानंतरची बिरुदे आढळल्यास ते संशयास्पद ठरते. मात्र नकलकाराने मूळ पत्राची प्रत करताना स्वतःच्या काळातील मायना घातल्याचाही संभव असतो. म्हणून मायन्याबरोबरच कागद, शिक्का, मोडी अक्षराचे वळण व मजकूर यांचा एकत्रित विचार करावा लागतो.