झाप्फिनो: लफ्फेदार अक्षराची ५४ वर्षांची वाट

मॅक संगणक वापरता? मग फॉन्टच्या यादीत अगदी तळाशी पाहा. लांबलचक लफ्फे मारणारा 'झाप्फिनो' तिथे दिसेल. त्याच्या या काही गमती.

वहीत जन्म. जर्मन अक्षरकार हर्मन झाप्फ यांनी १९४४ मध्ये आपल्या वहीत सुलेखनाचं एक पान लिहिलं. झाप्फिनो त्या पानातूनच घडला, पण बाजारात आला थेट १९९८ मध्ये!

भिंगाविना मिलिमीटर. दुसऱ्या महायुद्धात झाप्फ सैन्यासाठी नकाशे काढत. १ मिलिमीटरचं अक्षर ते भिंग न लावता लिहीत.

खिळा आडवा आला. १९४८ मध्ये हे वळण शिशाच्या टाइपात उतरवायचा प्रयत्न झाला. पण खिळ्याला चौकोनी अंग. त्याबाहेर लफ्फा पसरणार कुठे आणि शेजारच्या अक्षराखालून जाणार कसा? झाप्फ यांना हात आखडता घ्यावा लागला.

गणिताच्या वाटेने. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांच्यासोबत झाप्फ यांनी गणितासाठी 'ऑयलर' हा टाइप केला. त्या कामातले डेव्हिड सीगल यांनी १९९३ मध्ये त्यांना पत्र लिहिलं: एकाच अक्षराची अनेक रूपं असलेला फॉन्ट करू या. सीगल पुढे बाजूला झाले, पण झाप्फ यांनी काम सोडलं नाही. ते लायनोटाइप कंपनीकडे गेले आणि फॉन्ट तडीस नेला.

शेजार पाहून रूप. मॅकवरच्या झाप्फिनोत १४०० हून अधिक अक्षररूपं आहेत. पुढचं-मागचं अक्षर पाहून फॉन्ट योग्य रूप निवडतो. इंग्रजीत त्याचंच नाव टाइप करा, सगळी अक्षरं मिळून एकच जोडाकृती होते! आपण क, हलन्त आणि ष टाइप केल्यावर 'क्ष' उमटतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

घरात दोन अक्षरकार. हर्मन यांच्या पत्नी गुद्रुन झाप्फ-फॉन हेस्से याही नामवंत अक्षरकार. 'डिओटिमा' हा सुंदर टाइप त्यांचा.

कुठे शोभतो? लग्नपत्रिकेतली वधूवरांची इंग्रजी नावं, मानपत्राचं शीर्षक, पुस्तकाचं मुखपृष्ठ, एखादं बोधचिन्ह. शब्द मोजके ठेवा, ओळींत भरपूर अंतर सोडा आणि जोडीला साधा, सरळ फॉन्ट घ्या.

कुठे नको? सलग मजकुरात नकोच. सगळा शब्द कॅपिटल अक्षरांत तर मुळीच नको. लफ्फे एकमेकांत अडकतात आणि वाचणारा अडखळतो.

हाताने लिहिताना एकच अक्षर दोनदा तंतोतंत सारखं उमटत नाही, आणि लिखाणाचा जिवंतपणा त्यातच असतो. झाप्फ यांनी तो यंत्रातही उतरवला. मोडीची धावती वळणं आपल्याकडेही आहेत आणि जोडाक्षरांचं तंत्र तर रोजच्या वापरातलं. शेजार पाहून रूप बदलणारे असे फॉन्ट मराठी अक्षरकारांनी देवनागरीतही भरभरून घडवावेत!